फुटबॉलच्या पैशापायी व्हॉलीबॉलच्या मुलींची फरफट

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लेकीचा फोन आला तेव्हा ती एअरपोर्टवर जमिनीवर बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री वाचत होती. पूर्वेकडे दोन मॅचेस खेळून टीम परत निघालेली, विमान लेट, उद्या सकाळी मिडटर्म. आवाज पार बसलेला, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली.

तिचं विद्यापीठ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. इथल्या विद्यापीठांची आपली लीग होती, पॅक-१२. मूळ १९१५ चं. त्यात शेजाऱ्यांच्या जोड्या होत्या: बर्कली-स्टॅनफर्ड, लॉस एंजेलिसची यूसीएलए-यूएससी, दोन ओरेगनची, दोन वॉशिंग्टनची, दोन ॲरिझोनाची. एकदा निघालं की एकाच दौऱ्यात दोघांशीही खेळून यायचं. ज्याने कुणी हे आखलं, त्याने नकाशा पुढ्यात घेऊन पोरांचा विचार केला होता.

मग जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. ही १८९६ ला शिकागोत जन्मलेली, मिडवेस्टची, म्हणजे देशाच्या उत्तर-मध्य भागातली लीग. ऑगस्ट २०२३ मध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टनही तिकडेच. ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग १२ या आणखी एका लीगमध्ये. सप्टेंबरात स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या लीगमध्ये, तेही टीव्हीच्या पैशातला कमी वाटा पत्करून! हा पैसा टीव्हीवाले लीगला देतात तो मुख्यतः फुटबॉलसाठी, म्हणजे इथला, चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल.

लोक म्हणतात, यांनी भूगोल गुंडाळून ठेवला. अजिबात नाही. यांनी भूगोलच बघितला, पण अंतराचा नाही, टीव्हीच्या बाजारपेठेचा. २०१४ ला बिग टेनने न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलंड घेतलं ते न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन डीसीतल्या प्रेक्षकांसाठी. मग लॉस एंजेलिस. आता यूसीएलए ते रटगर्स जवळजवळ चार हजार किलोमीटर आणि तीन तासांचा वेळेचा फरक, तरी एकच लीग. आणि कॉर्व्हॅलिस, पुलमनसारख्या लहान गावांतली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट? ती मागे उरली, कारण त्यांच्या आसपास पुरेशी घरंच नाहीत. खेळात ती कुठे कमी पडली होती?

हो, मान्य. फुटबॉलच्या पैशावरच बाकीचे बरेचसे खेळ चालतात, माझ्या लेकीचाही. पण फुटबॉल आठवड्यातून एकदा, बहुतेक शनिवारी, आणि या टीम्स चार्टर विमानाने जातात. जमिनीवर बसून केमिस्ट्री वाचायची वेळ व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉलच्या पोरींवर येते. मग फुटबॉलपुरती लीग वेगळी करा ना! बाकीचे खेळ आपापल्या भागात खेळवा. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशा होतात, मग अखिल भारतीय. एवढं साधं आहे हे.

मघाशी पुन्हा बोललो. विमान सुटलं एकदाचं. "आई, चिडू नकोस गं, मला खेळायला आवडतं," म्हणाली. ते तर मला ठाऊकच आहे. सातवीत असल्यापासून बघतेय, पहाटे न उठवता उठते ही प्रॅक्टिसला. म्हणूनच जीव तुटतो.

टीममधल्या आम्ही काही आया मिळून ॲथलेटिक्स डिपार्टमेंटला पत्र लिहितोय. बे एरिया, सिॲटल, एलएमध्ये ज्यांची मुलं कॉलेजकडून खेळतात, त्यांनी मला मेसेज करा. मसुदा पाठवते, सह्या हव्यात.