ठळक अक्षर म्हणजे आरडाओरडा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'रोझा वन' या ठळक देवनागरी फाँटवरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया नीट वाचली. असले जाडजूड सेरिफ (म्हणजे रेषांच्या टोकांना छोट्या पट्ट्या असलेले) फाँट म्हणजे नुसता आरडाओरडा, ते वाचायला त्रास होतो, लग्नपत्रिकेत तर फारच, मुंबईत पाट्यांची भाऊगर्दी आधीच आहे, आणि सेरिफ ही रोमन लिपीची गोष्ट देवनागरीवर कशाला लादायची, असं आपलं म्हणणं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. सेरिफ रोमनचं, मान्य. पण अशा फाँटचा जीव जाड-बारीक रेषांच्या फरकात असतो, आणि तो फरक देवनागरीला परका नाही. तिरका कापलेला बोरू वळणावर जाड रेघ आपोआप बारीक करत नेतो. हा फरक पार टोकाला नेण्याची रीत मात्र लंडनची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिरातींसाठी असे लठ्ठ टाइप निघाले. रस्त्यापलीकडून चार शब्द दिसावेत, एवढंच त्यांचं काम.

आपल्या पाटीचंही तेच काम आहे. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यात दुकानाचं नाव देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, असं लिहावं लागतं. आता दादरच्या रानडे रोडवर मान वर करून चाला. इंग्रजी नाव विचारपूर्वक निवडलेल्या ठळक सेरिफमध्ये, आणि शेजारी मराठी नाव कॉम्प्युटरमध्ये जो फाँट सापडला त्यात, जागेत बसवायला आडवं ताणलेलं. उंची कायद्याप्रमाणे, रुबाब मात्र नाही. मला याचा खरोखर त्रास होतो. मराठी अक्षरालाही तोलामोलाचा पोशाख हवा, म्हणून रोझा वनसारखे फाँट हवेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फाँट फुकट मिळतो, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही.

देवनागरी अशी ठळक करणं सोपं नसतं. वर मात्रा-रफार, खाली उकार, म्हणजे उंची बांधलेली. जाडी वाढवली की ती अक्षराच्या पोटात शिरते. 'ब' बघा: इवलीशी पोकळी, तिच्यातही एक तिरकी रेघ. 'महाराष्ट्र'मधल्या 'ष्ट्र'चे तर हालच. चांगला अक्षरकार तिथे अक्षर थोडं रुंद करतो, आतली रेघ बारीक ठेवतो, पोकळी वाचवतो.

वाचायला त्रास होतो, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे. छोट्या आकारात तो होणारच. बारीक रेघा छपाईत उडतात आणि पोकळ्या शाईने भरतात. त्यातून कुणी वर बोल्डचं बटण दाबलं, तर फाँटला एकच वजन (रेघांची एकच ठरलेली जाडी) असल्याने सॉफ्टवेअर सगळ्याच रेघा सरसकट फुगवतं आणि जाड-बारीकचा खेळच संपतो. १९२२च्या 'कूपर ब्लॅक' या रोमन फाँटचा स्वभाव वेगळा. तोही लठ्ठ सेरिफच, पण टोकं गोल आणि नाजूक रेघा जवळपास नाहीत, म्हणून तो सुमार छपाईतही तग धरतो. ठळक सेरिफ सगळे एकाच माळेचे मणी नाहीत.

आपण लग्नपत्रिकेचा दाखला दिलात. तिथे मी वधूवरांची नावं तेवढी रोझा वनमध्ये, मोठी आणि भोवती भरपूर जागा सोडून लावीन. मुहूर्त, स्थळ आणि निमंत्रकांची यादी मुंबईच्याच 'एक टाइप' या फाउंड्रीच्या 'मुक्ता' फाँटमध्ये. त्याची सात वजनं आहेत, आणि बारीक मजकूर तो निमूट सांभाळतो.