इथला इन्चार्ज कोण?

मी नर्सिंग होममध्ये नोकरी करते म्हटलं की नगरची आत्या दर वेळी विचारते, "मग रात्री-अपरात्री बाळंतपणं येत असतील गं?" तिचं काही चुकत नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं पंधरा-वीस खाटांचं हॉस्पिटल, खाली मेडिकल आणि वर डॉक्टरांचं घर. मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात जिथे काम करते तिथे कुणी जन्माला येत नाही. म्हातारपण, स्मृतिभ्रंश, पक्षाघात. बहुतेकांचा हा शेवटचा पत्ता.

गेल्या महिन्यात आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. एका चुलतभावाच्या सासूबाई पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहेत, महिन्याला चांगले घसघशीत पैसे मोजून. त्यांना माकडहाडावर बेडसोअर झाला आणि तो घरच्यांच्या लक्षात आला तेव्हा जखम मुठीएवढी झाली होती. संस्थेने काय केलं? रात्रपाळीच्या मावशींना काढून टाकलं. विषय मिटला. एकाने लिहिलं, "अमेरिकेसारखं लायसन्सच पाहिजे असल्या जागा चालवणाऱ्यांना." दुसऱ्याने लगेच, "म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक पाकीट." मग सगळ्यांनी मला मध्ये ओढलं. तिथे मी हात जोडल्याची इमोजी टाकून गप्प बसले, कारण उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं.

आमच्या लॉबीत माशांच्या टाकीच्या वर दोन फ्रेम आहेत. एक संस्थेच्या लायसन्सची, दुसरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या. जागेचं लायसन्स वेगळं आणि ती चालवणाऱ्या माणसाचं वेगळं, हे इथे येईपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. 1967 साली इथल्या संसदेने कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना बजावलं, की 1970 पासून नर्सिंग होम चालवणाऱ्याकडे राज्याचं लायसन्स हवं. त्यासाठी शिक्षण, अनुभवी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हाताखाली उमेदवारी, मग राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. उमेदवारीत स्वयंपाकघरापासून लाँड्री आणि बिलांपर्यंत सगळीकडे फिरावं लागतं. लायसन्सचं नूतनीकरण करत राहायचं. तक्रार आली तर राज्याचं मंडळ ताकीद देतं, देखरेखीखाली ठेवतं, लायसन्स तात्पुरतं काढून घेतं किंवा कायमचं रद्द करतं. लायसन्स चालू आहे का, हे नेटवर नाव टाकून कुणालाही बघता येतं. (मंडळावर याच धंद्यातली माणसंही बसतात आणि काम बैलगाडीच्या वेगाने चालतं, हेही सांगायला हवं.)

याचा उपयोग शिक्षेसाठी होतो असं मला आधी वाटायचं. एका शुक्रवारी मत बदललं.

जानेवारी होता, बाहेर बर्फ, आत फ्लू. संध्याकाळच्या पाळीच्या दोन सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनीस, आल्या नव्हत्या. तेवढ्यात हॉस्पिटलमधून तीन नवे पेशंट पाठवतो म्हणून निरोप आला, आणि मागोमाग कंपनीच्या ऑफिसातून फोन, की घ्याच, खाटा रिकाम्या आहेत. आमच्या तेव्हाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाई साठीच्या, चष्मा कायम दोरीने गळ्यात. नर्सेस स्टेशनवर आमच्यासमोर उभ्या राहूनच बोलल्या. म्हणाल्या, "रात्री चाळीस जणांना दोन मुली कूस बदलून देणार आहेत. त्यात आणखी तीन घेतले आणि कुणी पडलं, तर लायसन्स माझं जाईल, तुमचं नाही. मी घेत नाही." फोन ठेवला, कोट खुर्चीवर टाकला आणि जेवणाच्या ट्रेवरच्या चिठ्ठ्या वाचत, बिनमिठाचं कुणाचं, पातळ कुणाचं, अशा वाटत सुटल्या.

मालकाला नाही म्हणायची सोय, हा त्या कागदाचा खरा उपयोग. परिचारिकेला ती ताकद नसते. मावशींना तर नसतेच.

आता दुसरी बाजू. चार महिन्यांनी बाई गेल्या. काढलं की सोडलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. फ्रेममध्ये नवं नाव आलं. सहा वर्षांत मी चार नावं पाहिली. त्यांच्यावर कंपनी, कंपनीवर आणखी एक कंपनी, आणि इमारतीचं भाडं जातं ते तिसऱ्याच कंपनीला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांच्या मंडळाचा हात त्या मजल्यापर्यंत पोचत नाही. पैशावर ज्याचा शब्द सगळ्यात कमी चालतो, त्याचंच नाव भिंतीवर. तेव्हा "अमेरिकेसारखं" म्हणणाऱ्या भावाने जरा थांबावं.

फ्लोरिडात 2017 च्या इर्मा वादळात हॉलिवूड गावातल्या एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. रस्त्यापलीकडे मोठं हॉस्पिटल होतं, तरी म्हातारी माणसं दोन-तीन दिवस उकाड्यात राहिली. 12 मृत्यू त्या उष्म्यामुळे झाल्याचं धरलं गेलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि तीन नर्सेसवर फौजदारी गुन्हे दाखल झाले. नर्सेसवरचे पुढे मागे घेतले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर 2023 मध्ये निर्दोष सुटला. त्यानंतर तिथल्या सर्व नर्सिंग होमना जनरेटर सक्तीचा झाला, तो नियम मात्र टिकला.

माझ्या घरापासून जवळ आहे ते होलिओक. तिथलं माजी सैनिकांसाठीचं सोल्जर्स होम (आता नाव बदलून व्हेटरन्स होम) राज्य सरकारच चालवतं. 2020 च्या मार्चमध्ये माणसं कमी पडली म्हणून स्मृतिभ्रंशाचे दोन वॉर्ड एकत्र केले, कोविडचे आणि बिनकोविडचे एकाच दाटीत. किमान 76 वृद्ध सैनिक गेले. चौकशीत बाहेर आलं, की तिथल्या सुपरिटेंडंटकडे नर्सिंग होम चालवायचं लायसन्सच नव्हतं. मरीन दलातून निवृत्त झालेला माणूस, 2016 मध्ये नेमलेला. आणि यात बेकायदेशीर काही नव्हतं! खासगी मालकाला जो नियम लागतो तो सरकारने स्वतःच्या सुपरिटेंडंटला लावलाच नव्हता. 2022 मध्ये कायदा बदलून त्या पदाला लायसन्स सक्तीचं केलं. त्याच्यावरचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि 2024 मध्ये तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर आटोपला. त्या वर्षी आमच्याकडेही माणसं गेली. पीपीई म्हणून आम्ही रेनकोट घातले होते. त्यामुळे होलिओकबद्दल मी अलिप्तपणे लिहू शकत नाही, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

सरकारी जागा म्हटली की मला आमचं नगर आठवतं (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागायची आहे). 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. सिव्हिल हॉस्पिटलच्या कोविड आयसीयूला आग लागली आणि किमान 11 रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पण अटक झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, तिथेही गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्या पाळीला त्या कुठे होत्या, काय करत होत्या, हे विचारायलाच हवं. पण वायरिंग कुणी मंजूर केलं, अग्निसुरक्षेच्या फायलीवर कोण बसलं होतं, हे विचारायला समोर एक माणूस सापडत नाही, खाती सापडतात. मी नर्स आहे. माझं नाव नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात आहे, डॉक्टरचं मेडिकल कौन्सिलच्या. सरकारी हॉस्पिटल चालवणारा म्हणून मात्र कुणाचंच नाव अशा रजिस्टरात नाही.

वृद्धाश्रमांचं तर त्याहून मोकळं रान. आपला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा 1949 चा, तो हॉस्पिटलांसाठी. ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा जिल्ह्याला एक वृद्धाश्रम, 150 जणांचा, असं म्हणतो. खासगी केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा असलेलं दुरुस्ती विधेयक 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालंच नाही.

पाकीटवाल्या भावाची भीती खोटी नाही. इथेही तपासणीस असतात. ते न सांगता येतात, सकाळी सातला, थर्मामीटर घेऊन नळाचं पाणी मोजतात, आजोबांच्या खोलीत बसून गप्पा मारतात. पण त्यांचा अहवाल जसाच्या तसा नेटवर लागतो. कुठल्या पाळीला कुणाची बेल किती मिनिटं वाजत राहिली, इथपर्यंत. पाकीट घेऊन लपवायचं काय, जर शेजारणीलाही वाचता येत असेल?

परीक्षा-बिरीक्षा आपल्याकडे लगेच आणा, असं मी म्हणणार नाही. नगर जिल्ह्यात एक जोडपं पत्र्याच्या चार खोल्यांत बारा म्हाताऱ्यांना सांभाळतं. त्यांना इंग्रजी पेपर सोडवायला बसवलं तर आश्रम बंद होईल आणि ते बारा जण बसस्टँडवर येतील. मला हवंय ते फार थोडं. प्रत्येक जागेला एक माणूस, तिथे रोज हजर असणारा, समाजकल्याण खात्याकडे नावानिशी नोंदलेला, आणि माणसं कमी असतील तर नवा प्रवेश नाकारायचा अधिकार लेखी असलेला. त्याचं नाव एकदा रजिस्टरातून निघालं, की शेजारच्या तालुक्यात नवी पाटी लावून बसता येऊ नये. आणि इथे चुकलं ते तिथे नको: ट्रस्टींची, पैसे पुरवणाऱ्यांची नावंही त्याच पानावर.

मागच्या रविवारी चुलतभाऊ सासूबाईंना भेटायला गेला. मी त्याला सांगितलं होतं, इन्चार्ज कोण ते विचारून ये. ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, "सर मुंबईला असतात, काय असेल ते मावशींना सांगा." निघताना त्याने दरवाजातला एक फोटो पाठवला. संगमरवरी पाटीवर देणगीदारांची एकेचाळीस नावं. आत पंख्याच्या पात्यांवर आणि व्हीलचेअरच्या पाठीवर आणखी सात. जखम भरते आहे, नव्या मावशी बऱ्या आहेत म्हणे.