जिलेटिन खुरांपासून बनत नाही

श्रावण जवळ आला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या आठवड्यात मला तो तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: जिलेटिन गुरांच्या खुरा-शिंगांपासून आणि डुकराच्या चरबीपासून करतात; चायना ग्रास म्हणजे तेच; सुरुंगाच्या कांड्यांतही तेच असतं; कंपन्या ते आकड्यांच्या कोडमागे लपवतात; म्हणून कॅप्सूल फोडून आतली पावडर पाण्यातून घ्या.

जिलेटिन प्राण्यांपासून येतं, एवढं खरं आहे आणि त्याबद्दल वाद नाही. पण बाकीची जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि त्याचा त्रास मांसाहार कटाक्षाने टाळणाऱ्यांनाच होतो.

आधी खुरं आणि शिंगं. खूर, शिंग, केस, नख हे सगळं केराटिन नावाच्या वेगळ्या प्रथिनाचं. ते कितीही उकळलं तरी त्याची जेली होत नाही. जिलेटिन मिळतं कोलॅजनपासून, म्हणजे कातडी, हाडं आणि स्नायुबंध यांच्यातल्या प्रथिनापासून. ज्यांच्या घरी पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, होतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाया भाजून, खरवडून, खूर काढून टाकल्यावरच भांड्यात जातो. तासन् तास मंद आचेवर शिजलेला तो रस्सा फ्रिजमध्ये ठेवला, तर सकाळी भांडं तिरकं केलं तरी सांडत नाही, नुसता थरथरतो. ते जिलेटिनच. जुने सुतार डब्यात पाण्याबरोबर तापवून लाकडाला लावायचे तो सरसही याच कुळातला.

कारखान्यात हेच काम काटेकोरपणे होतं. आपल्याकडे मुख्यतः गुरांची, त्यातही म्हशींची हाडं वापरतात. हाडांचा चुरा करून आधी गरम पाण्याने चरबी काढून टाकतात. मग तो चुरा विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस ठेवतात. हाडातला कॅल्शियम फॉस्फेट विरघळून निघून जातो आणि उरतो हाडाच्याच आकाराचा, पण रबरासारखा वाकणारा तुकडा. त्याला ओसीन म्हणतात. हे ओसीन पुढे कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात मुरतं. (युरोपात डुकराची कातडी जास्त वापरतात, तिला चुन्याऐवजी आम्लाचा हात देतात आणि वेळही खूप कमी लागतो.) धुऊन घेतल्यावर साधारण 55 ते 60 अंशांच्या पाण्यात पहिला काढा काढतात, मग तापमान वाढवत पुढचे. पहिला काढा सर्वांत घट्ट जमतो. नंतर गाळणं, आटवणं, निर्जंतुक करणं, थंड करून शेवयांसारखं पाडणं, कोरड्या हवेत वाळवणं आणि दळणं. ते किती घट्ट जमतं हे मोजायच्या एककाला ब्लूम म्हणतात. ऑस्कर ब्लूम यांनी 1925 मध्ये त्या मोजणीच्या उपकरणाचं पेटंट घेतलं. खाण्याचं जिलेटिन साधारण 50 ते 300 ब्लूमचं असतं.

म्हणजे ‘डुकराची चरबी’ हेही निकालात निघतं. जिलेटिन हे प्रथिन आहे, आणि चरबी तर पहिल्याच टप्प्यात बाजूला होते. ते डुकराचं असू शकतं, म्हशीचं असू शकतं, माशाचंही असू शकतं. चरबी मात्र नाही.

चायना ग्रासबद्दलच्या ओळीचा मला सर्वांत जास्त राग येतो. चायना ग्रास म्हणजे अगर, समुद्री शेवाळापासून काढलेलं. त्यात प्राण्याचं काही नाही, आणि या मेसेजमुळे आमच्या एका नातेवाईक बाईंनी वर्षानुवर्षं आवडीने केलेलं चायना ग्रासचं पुडिंग बंद केलं. फरक घरीच बघता येतो. मे महिन्यात मी दोन वाट्या ओट्यावर ठेवल्या होत्या, एकीत अगरची जेली, दुसरीत जिलेटिनची, दोन्ही फ्रिजमधून काढलेल्या. थोड्याच वेळात जिलेटिनच्या कडा सुटल्या, मग सगळी वाटी पातळ झाली. अगरची जशीच्या तशी. जिलेटिन 35 अंशांच्या आतच विरघळतं, म्हणून ते जिभेवर वितळतं; अगर पुन्हा पातळ व्हायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं. ताज्या अननसाच्या फोडी घातल्या तर जिलेटिन जमतच नाही, कारण अननसातलं ब्रोमेलेन प्रथिन तोडतं. अगरवर त्याचा काही परिणाम नाही.

याच कारणाने ‘व्हेज जिलेटिन’ हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. वनस्पतीत कोलॅजन नसतं. त्या पाकिटात अगर, कॅराजिनन (हेही समुद्री शेवाळातलंच) किंवा पेक्टिन (फळांतलं) असतं.

सुरुंगाच्या कांड्यांचं कोडं नावातच सुटतं. विहिरीचा कातळ फोडायला ज्या ‘जिलेटिनच्या कांड्या’ आणतात त्यांचं नाव आल्फ्रेड नोबेलच्या 1875 च्या शोधावरून पडलं: नायट्रोग्लिसरिन आणि नायट्रोसेल्युलोज यांचं जेलीसारखं दिसणारं मिश्रण. त्यात जिलेटिन नव्हतंच.

कोडचं म्हणाल, तर ते शोधत बसायची गरज नाही. 2011 च्या लेबल नियमांत ज्या खाद्यपदार्थात जिलेटिन आहे त्यावर ‘जिलेटिन – ॲनिमल ओरिजिन’ असं लिहिणं सक्तीचं केलं गेलं. शिवाय खूण आहेच: चौकोनात हिरवा गोल शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी. मार्शमॅलो किंवा गमी घेताना तेवढं बघा.

खरी अडचण औषधांची आहे, कारण तिथे अशी खूण सक्तीची नाही आणि बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचंच असतं; तेलाच्या मऊ कॅप्सूलचंही. पण त्यावर मेसेजने सुचवलेला उपाय धोक्याचा आहे. ॲसिडिटीवरच्या ओमेप्रॅझोलच्या कॅप्सूलमध्ये लेप दिलेले बारीक दाणे असतात. ते चुरडले तर औषध जठरातल्या आम्लातच नष्ट होतं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच सांगा, ‘मला जिलेटिन चालत नाही.’ पुष्कळ औषधं गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळतात, आणि काही कॅप्सूलची कवचं एचपीएमसीची, म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून केलेली असतात. ती मिळेपर्यंत चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल फोडूही नका.