काळ्या गाडीवरच्या लाल अक्षरांबद्दल आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री दुकान आवरताना वाचला. तुमच्या कॉलेजच्या काळ्या रेसिंग गाडीवर आम्ही लावलेली लाल रेडियमची अक्षरं लांबून दिसली नाहीत, स्पॉन्सरचं नाव एकाही फोटोत वाचता येत नाही, पुढचं एक अक्षर सुटलं, पैसे जास्त घेतले आणि ‘दुकानदाराने रंगाबद्दल काही सांगितलंच नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे.

अक्षर सुटलं ही आमची चूक. गाडीच्या नाकाच्या वळणावर आमच्या मुलाने रेडियम ताणून बसवलं आणि नंतर हीट गन नीट फिरवली नाही. तुमची आणि तुमच्या टीमची मनापासून माफी मागतो.

पण ‘सांगितलंच नाही’ हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

तुम्ही आलात तेव्हा साडेनऊ वाजले होते, शटर अर्धं खाली आलं होतं. सकाळी गाडी कोइम्बतूरला रवाना करायची आहे म्हणालात. तुमच्यातल्या एकाने ‘काका, प्लीज’ म्हटलं आणि मी शटर परत वर केलं. शेड कार्ड काढलं. पांढरा, पिवळा, सिल्व्हर आणि तुमचा तो गडद लाल असे चार तुकडे काळ्या पॅनेलवर चिकटवले आणि तुम्हाला रस्त्यापलीकडे मेडिकलच्या पायरीवर उभं केलं. पांढरा, पिवळा लगेच दिसले. लाल दिसतोय का विचारलं, तर तुमच्याच मित्राने ‘कुठला लाल?’ असं विचारलं. आठवतंय ना?

मग मी पॅनेलचा फोटो काढून मोबाईलवरच ब्लॅक अँड व्हाइट करून दाखवला. लाल तुकडा काळ्यात पार मिसळून गेला. लांबून अक्षर वाचता येतं ते गडद-फिक्याच्या फरकामुळे, आणि गडद लाल नि काळा दोघंही गडदच. लॅपटॉपवर तो लाल झळकत होता, कारण स्क्रीन स्वतः उजेड देते. रेडियम देत नाही. नंबरप्लेटचंच बघा, खासगी गाडीला पांढऱ्यावर काळं, टॅक्सीला पिवळ्यावर काळं. तुमच्या फॉर्म्युला भारतच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या नियमांतही गाडीचा नंबर काळा-पांढराच लागतो आणि आकडा किमान 150 मिलिमीटर उंच. तो नंबर आम्हीच कापला. तुम्ही तक्रारीसोबत टाकलेल्या प्रत्येक फोटोत तो स्वच्छ वाचता येतो, हे मी मुद्दाम झूम न करता पाहिलं.

तुम्ही मला 1972 च्या काळ्या लोटस रेसिंग गाडीचा फोटो दाखवला होता. ती गाडी मलाही फार आवडते. पण तिच्यावरची अक्षरं सोनेरी होती हो, आणि काळ्यावर सोनेरी उठून दिसतं. मी तेच सांगत होतो. निदान लाल अक्षरांना तीन मिलिमीटरची पांढरी बॉर्डर देऊ या, असंही म्हटलं. तुम्ही म्हणालात, स्पॉन्सरचा लोगो आहे, बदल चालणार नाही. तिथे मी गप्प बसलो. गाडी तुमची, स्पॉन्सर तुमचा.

350 रुपये जास्त लागले कारण कॉलेजच्या नावाचं स्पेलिंग तुम्ही कटिंग झाल्यावर बदललंत. त्यावर आणखी बोलत नाही.

माझे वडील ट्रकच्या मागे ब्रशने अक्षरं लिहायचे. कोणता रंग कशावर उठतो हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. बावीस वर्षं मी हे दुकान चालवतोय. आता गिऱ्हाईक आत येण्याआधी मोबाईलवर स्टार बघतं आणि सगळ्यात वर तुमचाच अभिप्राय दिसतो. परवा एक जण बाइक लावून दारात उभा राहिला, मोबाईलमध्ये काहीतरी वाचलं आणि निघून गेला. तुमचंच वाचलं असेल असं मी म्हणत नाही, पण मनात आलं.

यापुढे रंगाचा नमुना दाखवून गिऱ्हाइकाची सही घेऊ, रात्रीच्या घाईच्या कामांचंही काहीतरी ठरवू. स्पॉन्सरला विचारून पांढऱ्या बॉर्डरला होकार मिळाला तर दोन्ही बाजूंची नावं आणि नाकावरचं अक्षर पुन्हा करून देतो, पैसे नकोत. फक्त गाडी दुपारच्या उजेडात आणा. आणि तोवर ती लाल अक्षरं नखाने ओढून काढू नका. हीट गनने गरम करून हळूच सोडवावी लागतात, नाहीतर खालचा रंग निघून येईल.