तळहाताला घाम येतो म्हणजे पोरगं भित्रं नसतं

परवा भाचीचा फोन आला, मामा, पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवला तर कॉपी म्हणतील का ओ? पोरगी दहावीला आहे. मला तिथंच गलबलून आलं कारण हाच प्रश्न मी पण घेऊन बसायचो पण विचारायला कुणी नव्हतं.

सोलापुरात घाम कुणाला येत नाही, मे महिन्यात पारा 43 वर गेला की सगळेच निथळतात. पण माझे हात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत अंगात स्वेटर असताना पण टपकायचे. वहीची शाई फुटायची. सर म्हणायचे अभ्यास नाही केलास म्हणून घाम फुटलाय. कुणाला हात मिळवला की समोरचा लगेच पँटला हात पुसायचा, ते बघून बघून मी लांबूनच नमस्कार करायला लागलो.

आई विड्या वळायची, तिच्या मांडीवरच्या सुपात पान-तंबाखूसोबत एक फडकं कायम असायचं. ते कशाला हे मला चाळिशीत स्किनच्या डॉक्टरांनी घरात अजून कुणाला आहे का विचारलं तेव्हा कळलं.

याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. घामाच्या ग्रंथी ठीकच असतात, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा गरजेपेक्षा जास्त हुकूम देतात, आणि तळहात-तळपायाला या ग्रंथी सगळ्यात दाट. टेन्शन आलं की वाढतो हे खरं, पण टेन्शनमुळं हा आजार होत नाही, आणि अस्वच्छतेशी तर काहीच संबंध नाही. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, झोपेत येतो का? नाही म्हटलं. लहानपणापासून, दोन्ही हातांना सारखा आणि झोपेत बंद, ही त्याची खूण. पण मोठेपणी अचानक सगळ्या अंगाला सुरू झाला, रात्री कपडे भिजायला लागले, वजन उतरलं तर थांबू नका, थायरॉईड, शुगर, टीबी तपासून घ्या.

मला रात्री कोरड्या हाताला लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध दिलं, थोडी आग होते पण फरक पडला. पाण्यात हात ठेवून हलका करंट देतात ती पण ट्रीटमेंट आहे, पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. नस कापायचं ऑपरेशन मात्र नीट विचारून करा, हाताचा थांबतो आणि पाठीला-पोटाला सुरू होतो असं बऱ्याच जणांचं होतं आणि ते मागे घेता येत नाही.

आईबापांनो, शिक्षकांनो, असल्या पोराला घाबरतोस कशाला म्हणू नका, एक टॉवेल ठेवू द्या आणि डॉक्टरला दाखवा.

काल भाचीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिचे दोन्ही तळवे हातात घेऊन बघितले, बराच वेळ. बाहेर जिन्यात आल्यावर म्हणाली, मामा, त्यांनी नंतर हात पुसले नाहीत.