8.2 की 7.1, एक काय ते सांगा

सोमवारी आईचं एचबीएवनसी 8.2. शुक्रवारी दुसऱ्या लॅबमध्ये 7.1. तीन महिन्यांची शुगर म्हणे! मग ती चार दिवसांत एका पॉइंटने उतरलीच कशी? तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यांना चिकटलेली साखर अशी चार दिवसांत गळून पडत नाही.

पहिल्या लॅबला फोन केला. "सर, प्रत्येक लॅबचं थोडं वेगळं येतं." थोडं? त्या थोड्यावर डॉक्टरांनी मंगळवारी गोळी वाढवली. गुरुवारी दुपारी आई ओट्यापाशी घामाने भिजून थरथरत उभी. ग्लुकोमीटरवर 58. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटं तिचा हात धरून बसलो, पुन्हा तपासलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. एकाहत्तर वर्षांची आहे ती. मी त्या वेळी ऑफिसात असतो तर?

आणि त्याच 8.2 च्या रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर हिमोग्लोबिन 8.9 छापलंय, म्हणजे चांगलंच कमी! शरीरात लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटं चढू शकतं, हे रक्त तपासणाऱ्यांना माहीत नसेल तर कुणाला असणार? 8.2 मात्र ठळक अक्षरांत, खाली साखरेची "अंदाजे सरासरी 189". आईच्या वहीत दोन महिने रोजच्या नोंदी आहेत, उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्याही. 165 च्या वर एक आकडा नाही. ती वही मंगळवारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली होती. उघडलीसुद्धा नाही कुणी.

सॅम्पलचं तर बोलूच नका. वेळ साडेसहाची, पहिल्या लॅबचा मुलगा रक्त घ्यायला आला पावणेनऊला. तोवर आई उपाशी, चहासुद्धा नाही. मग भर मे महिन्यात नळ्या गाडीच्या डिकीत टाकून कोथरूडमधली आणखी चार घरं करत कर्वे रोडला. बर्फाचा डबा नाही. नुसत्या ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच ते सात टक्के उतरते. राखाडी झाकणाच्या नळीत साखर टिकवायला घातलेलं फ्लोराइडही पहिला तास-दोन तास ही घट पुरती थांबवत नाही. गेल्या मे महिन्यात याच लॅबचं फास्टिंग 88 आलं होतं, तेव्हा आई किती खूश झाली होती! आता त्या 88 वरही माझा विश्वास राहिलेला नाही.

पैसे घ्यायला, साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजचे मेसेज पाठवायला उशीर होत नाही. हिमोग्लोबिन 8.9 दिसल्यावर "आकडा जपून वाचा" एवढी एक ओळ लिहायला काय जातं? एचबीएवनसी कोणत्या पद्धतीने मोजलं, एचपीएलसी नावाच्या की आणखी कुठल्या, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत.

8.2 ऐकल्यापासून आईने आंब्याला हात लावलेला नाही. हापूसची पेटी शेजारी देऊन टाकली. सोमवारी दोन्ही रिपोर्ट आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जातोय. लोहाची तपासणी लिहून घेतल्याशिवाय आणि वही पानन् पान वाचून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.