घरोघरी मातीच्या चुली? सगळ्याच नव्हेत

व्हॉट्सॲपवर एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चीन परदेशी कंपन्यांची व्यापारी गुपिते चोरतो हा अमेरिकेचा कांगावा आहे, हेरगिरी सगळेच करतात, पुरावा कसलाच नाही, शिक्षा कुणालाही झालेली नाही आणि २०१५च्या समझोत्यानंतर तर विषयच मिटला.

‘सगळेच करतात’ हे विधान निम्मे खरे आहे. अमेरिकेची एनएसए ही गुप्तहेर संस्था ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेलकंपनीवर आणि चीनच्या हुआवे या दूरसंचार कंपनीवर पाळत ठेवत होती, हे तिच्यासाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. ‘आम्ही अशी माहिती आमच्या कंपन्यांना देत नाही’ हा अमेरिकेचा बचाव तिच्या सोयीचाच आहे, कारण तंत्रज्ञानात जो पुढे आहे त्याला चोरण्याजोगे थोडेच उरते. तरीही तो बचाव ज्या फरकावर उभा आहे, म्हणजे देशाच्या सुरक्षेसाठीची हेरगिरी वेगळी आणि आपल्या कंपन्यांच्या फायद्यासाठीची वेगळी, तो फरक पोकळ नाही. मे २०१४ मध्ये चिनी लष्कराच्या ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीतील पाच अधिकाऱ्यांवर पिट्सबर्ग येथे दाखल झालेले आरोपपत्र पाहावे. चिनी उत्पादक सौरपॅनल अमेरिकेत अन्याय्य स्वस्त दराने विकतात, असा निष्कर्ष तिथल्या वाणिज्य खात्याने २०१२ मध्ये काढला, आणि त्याच सुमारास सोलरवर्ल्ड या कंपनीच्या हजारो फायली चोरीला गेल्या. त्यांत उत्पादनखर्चाचे आकडे होते, रोखीच्या आवक-जावकीचा हिशेब होता आणि चालू असलेल्या व्यापारी दाव्याबाबत वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहारही होता. प्रतिपक्षाच्या वकिलाची टिपणे वाचून कोणत्या देशाची सीमा सुरक्षित होते, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

पुराव्याबाबत एक गोष्ट आधीच मान्य करतो: आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे, आणि ते पाच जण आजवर न्यायालयासमोर उभे राहिलेले नाहीत. पण म्हणून पुरावाच नाही असे होत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये मँडियंट या खासगी सायबरसुरक्षा कंपनीने १४१ संस्थांमधील घुसखोरीचा माग थेट शांघायच्या पुडोंग भागातील याच तुकडीच्या बारा मजली इमारतीपर्यंत काढला होता.

शिक्षा झालेली नाही, हे तर सरळ चूक आहे. बोइंगच्या सी-१७ विमानाची माहिती चोरणाऱ्या हॅकरांना साथ दिल्याचा गुन्हा सू बिन या चिनी व्यावसायिकाने स्वतः कबूल केला आणि २०१६ मध्ये त्याला ४६ महिन्यांची कैद झाली. चिनी गुप्तहेर खात्याच्या जिआंगसू शाखेतील शू यानजुन याला विमानइंजिनांच्या पात्यांचे तंत्रज्ञान मिळवण्याच्या प्रयत्नाबद्दल २०२२ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. (२०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला.) शू माणसे गळाला लावत होता, हॅकिंग करत नव्हता, हे खरे; मात्र त्याच शाखेतील इतरांवर २०१८ मध्ये संगणकांत शिरल्याचे आरोप ठेवले गेले. त्या आरोपपत्रानुसार, एका फ्रेंच इंजिन कंपनीच्या सूचौ येथील कार्यालयात तिथल्याच एका कर्मचाऱ्याने जानेवारी २०१४ मध्ये पेनड्राइव्हमधून ट्रोजन (‘ट्रोजन हॉर्स’, म्हणजे फसवून आत शिरणारा घातक प्रोग्राम) घुसवला आणि ‘घोडा आज सकाळी बसवला’ अशा अर्थाचा निरोप आपल्याला राबवणाऱ्या गुप्तहेर अधिकाऱ्याला धाडला. तशाच इंजिनावर तेव्हा चीनची एक सरकारी कंपनी काम करत होती.

राहिला २०१५चा समझोता. ओबामा आणि शी जिनपिंग यांनी व्यापारी फायद्यासाठी सायबरचोरी न करण्याचे मान्य केले, त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, एपीटी-१० या चिनी हॅकरांच्या गटातील दोघांवर आरोप ठेवण्यात आले. इतर कंपन्यांचे संगणक सांभाळणाऱ्या सेवाकंपन्यांमध्ये शिरून हा गट त्यांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचत असे. हे ग्राहक किमान १२ देशांत पसरलेले होते आणि त्या यादीत भारतही आहे. मार्च २०२१ मध्ये सायफर्मा या सायबरसुरक्षा कंपनीने याच गटाचे नाव घेऊन सांगितले की त्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या संगणकयंत्रणेतील कच्चे दुवे हेरले आहेत. हा त्या कंपनीचा दावा आहे, न्यायालयात सिद्ध झालेली बाब नव्हे. पण सीरम तेव्हा कोविशील्ड बनवत होती, आणि चीन आपल्या लसी जगाला पुरवत होता.